आईच्या करंड्यावरील किरण

आमच्या देव्हाऱ्यात आईचा कुंकवाचा करंडा आहे. चिंचेच्या लाकडाचा, कातीव, उंचीला चार बोटे. वर्षानुवर्षे हात लागून तो काळाभोर झाला आहे. पण झाकणावर मध्यापासून कडेपर्यंत उमटलेले बारीक किरण अजून बोटाला लागतात. लहानपणी आरती लांबली की आम्ही ते किरण मोजीत बसत असू. एकदा बावीस भरत, एकदा पंचवीस. कोणीतरी चाकूच्या टोकाने एकेक रेघ कोरली असणार, अशी आमची समजूत होती.

हा करंडा आमच्या धाकट्या मामांनी आईच्या लग्नात दिलेला. "मामा, ह्याला किती दिवस लागले?" असे विचारले की ते गंभीर चेहरा करून सांगत, "महिना लागला. डोळे गेले माझे." आम्ही ते खरे मानीत आलो.

गेल्या वर्षी मामांनी तसेच किरण आमच्यासमक्ष उमटविले. 'गणपती बाप्पा मोरया' एवढे म्हणायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात! आणि ज्या हत्याराने उमटविले ते करवतीच्या मोडक्या पात्यातून त्यांनी स्वतः घरी केलेले होते. त्या हत्याराची आणि त्याच्या भावंडांची हकीकत वाचकांस सांगावी असे आम्ही त्याच दिवशी ठरविले. त्यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचाही भाग आहे. तोही सांगितला पाहिजे.

अल्फारेटाचे गॅरेज

मामा हल्ली अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातील अल्फारेटा येथे आपल्या लेकीकडे असतात. अटलांटा शहराच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर हे गाव आहे. १८५८ साली त्याला गावाचा दर्जा मिळाला. एकेकाळी भोवताली कापसाची शेते होती आणि हे गाव मिल्टन नावाच्या लहानशा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. तो जिल्हा १९३२ साली शेजारच्या फुल्टन जिल्ह्यात विलीन झाला. आज तेथे कापूस नाही; संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, रुंद रस्ते आहेत, आणि भारतातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. २०२० च्या शिरगणतीत लोकवस्ती पासष्ट हजारांवर भरली.

मामांचा सारा जन्म आपल्या बेटावर साखर कारखान्याच्या वर्कशॉपात गेला. त्याला आपण 'आतेलिए' म्हणतो. तेथे ते लेथवर होते. लोखंडाचे काम पोटासाठी, लाकडाचे हौसेसाठी. सुटीच्या दिवशी घरच्या लेथवर लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याच्या खुंट्या, चौरंगाचे पाय कातून नात्यात वाटणे हा त्यांचा आनंद. २०१६ साली मामी गेल्या आणि लेकीने त्यांना अमेरिकेस नेले.

पहिली दोन-तीन वर्षे ते नुसते बसून होते, असे आमची मामेबहीण सांगते. नातू इंग्रजी बोलणारा. मामांची बोली मराठी आणि क्रिओल, इंग्रजी कामापुरते. "जेवलास का?" याच्या पलीकडे आजा-नातवाचे बोलणे जात नसे. मग एक दिवस शेजारी घर रिकामे करून जात असता जावईबापूंनी त्यांच्याकडून लाकडाचा एक जुना लेथ स्वस्तात घेतला व गॅरेजात आणून ठेवला. मामांनी आठ दिवस तो केवळ पुसला आणि त्याला तेल दिले. नवव्या दिवशी त्यांनी नातवाला हाक मारली. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. आज तो तेरा-चौदा वर्षांचा आहे आणि आजाचे मराठी त्याला बरेच कळते. निदान हत्यारांची नावे तरी सगळी मराठीच आहेत.

किरकिऱ्या

त्या हत्यारांपैकी थोरल्याचे नाव 'किरकिऱ्या'. रडक्या पोराला आपण किरकिऱ्या म्हणतो ना, तोच. लाकडाला लागताच ते किर्र असे कर्कश ओरडते म्हणून हे नाव. अमेरिकेत अशाच हत्याराला 'चॅटर टूल' म्हणतात आणि दुकानात ते विकतही मिळते. मामांनी मात्र दुकानाचे तोंड पाहिले नव्हते.

त्याची रचना अगदी साधी आहे. लवचीक पोलादाची एक पट्टी, जाडीला अर्धा सूत, रुंदीला तीन-चार सूत. ती लोखंडाच्या चौकोनी गजात खाच पाडून बसवायची आणि वरून स्क्रूने आवळायची. गजाला मागून लाकडाची लांब मूठ. पट्टीचा दीड-दोन इंच भाग पुढे मोकळा राहतो. त्याचे टोक ग्राइंडरवर गोल किंवा निमुळते घासून खालच्या अंगाने धार लावायची. झाले हत्यार.

एरवी कातताना हत्यार थरथरले की कातारी वैतागतो, कारण लाकडावर लाटा उमटतात. हे हत्यार मुद्दाम थरथरावे म्हणून केलेले आहे. पट्टीचे टोक फिरत्या लाकडाला टेकले की लाकूड त्याला खाली ओढते. पट्टी वाकते, सुटते, परत येते, पुन्हा वाकते. दर वेळी एक लहानसा खळगा पडतो. लाकूड एक फेरा पूर्ण करून आले की टोकाला पहिल्या फेऱ्याचे खळगे भेटतात आणि त्यांच्या चालीवर थरथर आणखी नियमित होते. अशा फेऱ्यावर फेऱ्यातून किरणांचे चक्र तयार होते.

मामांनी हे आम्हाला हिशेबाने समजावून दिले. समजा, पट्टी सेकंदाला पाचशे वेळा थरथरते आणि लेथ मिनिटाला बाराशे, म्हणजे सेकंदाला वीस फेरे घेतो. तर एका फेऱ्यात पंचवीस खळगे पडणार. भागाकार नेमका पूर्ण आला तर किरण सरळ. थोडा अपुरा-अधिक आला तर दर फेऱ्यात खळगे जरा पुढेमागे सरकतात आणि किरण वाकून भिंगरीसारखे दिसतात. पट्टी जास्त बाहेर काढली तर नक्षी ठसठशीत येते, आत ढकलली तर बारीक. मोकळी लांबी निम्मी केली की थरथरण्याचा वेग सुमारे चौपट होतो. म्हणजे एकच पट्टी, एकच स्क्रू, आणि नक्षी हवी तितकी.

एक पथ्य मात्र आहे. किरकिऱ्या चालतो तो लाकडाच्या तोंडावर, म्हणजे ओंडका आडवा कापल्यावर जेथे वर्तुळे दिसतात त्या बाजूवर. करंड्याचे झाकण, भोवऱ्याचे डोके, मुठीचे टोक ह्या त्याच्या जागा. लाकूडही घट्ट व बारीक पोताचे हवे. जॉर्जियात मामा मेपल आणि डॉगवूड वापरतात. आपल्याकडे चिंच, लिची, पेरू चालतील. पाइनसारखे मऊ लाकूड घेतले तर नक्षीऐवजी नुसती कुसळे निघतात.

आमची चूक

हत्यार पाहून आम्ही गप्प झालो. कारण असाच एक किरकिऱ्या आम्ही पूर्वी हातात घेतला होता, आणि तो कोठे गेला हे आम्हाला ठाऊक होते.

अमेरिकेस निघताना मामांनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आमच्या स्वाधीन केला होता. "लोखंड आहे, जड आहे, नेता येत नाही. पण टाकू नकोस," असे ते म्हणाले होते. आत वाकडीतिकडी पाती, दातेरी चाके, टोके घासलेले खिळे, तारांची वेटोळी. आम्हाला त्यातले एकही ओळखता आले नाही. दोन वर्षांनी परसातली खोली मोकळी करताना भंगारवाला दारात आला. आम्ही डबा वजनावर घातला. त्याचे किती रुपये आले हे आता आठवत नाही, ह्याचीच अधिक लाज वाटते.

अल्फारेटाच्या त्या गॅरेजात आम्ही हे सारे मामांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. लेथवरचा भुसा ब्रशाने एका बाजूला करीत राहिले. मग म्हणाले, "त्यातले एकही मी विकत घेतलेले नव्हते रे. भंगारातून आले, भंगारात गेले. पोलाद काय, मिळेल." आणि थोडे थांबून, "एका पटाशीची मूठ तुझ्या मामीच्या दारच्या लिचीची होती. ती आता मिळायची नाही."

यावर आम्ही काय बोलणार? मामाच पुढे म्हणाले, "आता तू एक कर. डोळ्यांनी पाहून कळत नाही. तेव्हाही बोलावले होते तुला, आला नाहीस."

ते खरे होते. आम्ही बारा-तेरा वर्षांचे असताना मामांनी आम्हाला सुटीत लेथवर बोलाविले होते. आम्ही पुस्तके घेऊन बसलो आणि घरच्यांनी आमचे कौतुक केले. आतेलिएचे काम शिकलेल्या मुलाचे नव्हे, असे त्या वेळी आपल्या पुष्कळ घरांत मानीत. मुलाने कचेरीत बसावे म्हणून बापांनी हातांना घट्टे पाडून घेतले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्या घट्ट्यांत काय काय साठले होते, हे विचारायचे मात्र राहून गेले.

आमचे पहिले हत्यार

मामांनी आमच्या हाती हॅकसॉचे एक जाड, मोडके पाते दिले. यंत्रावर चालणाऱ्या मोठ्या करवतीचे पाते असेल तर उत्तम, कारण ते जाड असते. हाताच्या करवतीचे पाते पातळ पडते, म्हणून दोन पाती पाठीला पाठ लावून आवळावी लागतात. घड्याळाची जुनी, रुंद कमान मिळाली तर तीही चालते. कानसीचे मात्र किरकिऱ्या करू नये. कानस कडक पण ठिसूळ असते; थरथरता थरथरता तिचा तुकडा उडतो आणि तो कोणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही.

आम्ही पाते ग्राइंडरला लावले. दाते घासून काढायचे, मग टोक गोल करायचे. ठिणग्या उडत होत्या, बरे वाटत होते. पाहता पाहता टोक निळे पडले. नातू मागून इंग्रजीत हळूच म्हणाला की आता ते मेले. मामांनी मान डोलावली. पोलाद तापून निळे पडले की अशा साध्या पोलादाचे पाणी उतरते. मग त्याला धार राहत नाही. दर दोन-तीन सेकंदांनी टोक पाण्यात बुडवीत राहिले पाहिजे, आणि हाताला चटका बसण्याआधीच बुडविले पाहिजे. आमचे पहिले हत्यार अशा रीतीने डब्यात गेले.

दुसरे जमले. गजाची खाच नातवाने पाडून दिली, स्क्रूचे आटे मामांनी पाडले, मूठ आम्ही कातली. ती वेडीवाकडी झाली, पण ती आमची आहे.

मग लेथवर झाकण चढविले. डोळ्यांवर चष्मा, बाह्या वर, गळ्यात लोंबते काही नाही. हत्यार टेकवायची पट्टी लाकडाच्या अगदी जवळ. मूठ किंचित वर, टोक किंचित खाली. मध्यापासून निघून कडेपर्यंत एकाच सरळ ओघात जायचे. दाबायचे नाही, थांबायचे नाही. आम्ही दाबले. आवाज आला तो भसाडा, आणि झाकणावर केवळ ओरखडा उठला.

"हात घट्ट, पाते मोकळे," मामा म्हणाले. "तू उलटे करतो आहेस. पाते धरून ठेवतोस आणि हात हलवतोस. थरथरायचे ते त्याला थरथरू दे."

मामा आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. चहाचा कप उचलताना त्यांचा हात कापतो, हे आम्ही आल्या दिवशीच पाहिले होते. पण लेथपाशी ते कोपर बरगडीला टेकवून, मूठ मांडीजवळ धरून उभे राहतात आणि सारे अंग मिळून हत्यार धरतात. तेथे कंप दिसत नाही. आम्ही तसेच उभे राहिलो. पाचव्या खेपेस किर्र असा स्वच्छ आवाज आला. लेथ थांबविला. झाकणावर किरण होते. सगळे सारखे नव्हते, पण होते.

त्याच जागेवरून हत्यार दुसऱ्यांदा फिरवायचे नाही, ही शेवटची शिकवण. नक्षी बिघडली तर सरळ खरवडून काढावी आणि नव्याने करावी. डागडुजी केली की दोन्ही नक्षी एकमेकींत मिसळतात.

बाकीची भावंडे

किरकिऱ्याखेरीज मामांच्या फळीवर आणखी चार हत्यारे टांगलेली होती. वाचकांपैकी ज्यांच्या घरी लेथ आहे, त्यांच्या उपयोगासाठी ती थोडक्यात सांगतो.

पहिली 'फिरकी'. मोडक्या यंत्रातले एखादे लहान दातेरी चाक लोखंडी चिमट्यात, आसावर सैल फिरेल असे बसवायचे. लेथ सावकाश ठेवून ते चाक लाकडावर दाबले की लाकडाबरोबर तेही फिरते आणि ठिपक्यांची ओळ उमटते. चाक तिरपे धरले तर ठिपक्यांच्या तिरप्या रेघा होतात व दोरीला पीळ द्यावा तशी नक्षी दिसते. भोवऱ्याच्या पोटावर ती फार शोभते.

दुसरा 'चटका'. पोलादी तारेच्या, उदाहरणार्थ गिटारच्या जुन्या तारेच्या, दोन्ही टोकांना लाकडाच्या दोन दांड्या बांधायच्या. लाकडावर आधी बारीक खाच पाडून घ्यावी, नाहीतर तार घसरते. लेथ जोरात सोडून तार खाचेत ताणून धरली की घर्षणाने धूर येतो आणि कोळशाने ओढावी तशी काळी रेघ उमटते. तार बोटांना गुंडाळून कधीही धरू नये. ती अडकली तर बोट घेऊन जाते. दांड्या हव्यात त्या यासाठीच.

तिसरा 'ठसा'. चार इंची खिळ्याचे टोक कापून सपाट करायचे आणि त्यावर कानशीने फुली, चांदणी किंवा चौकट घासायची. लेथ पूर्ण बंद करून भांड्याच्या कडेवर हलक्या हातोडीने ठसे मारीत जायचे. हे काम धीराचे आहे, आणि लहान मुलांना देण्याजोगे हेच एक.

चौथा पितळी तारांचा ब्रश. फिरत्या लाकडावर तो धरला की मऊ भाग झिजतो, कठीण भाग उभा राहतो, आणि झाडाने वर्षावर्षाला घातलेल्या रेषा बोटाला लागू लागतात. ही नक्षी झाडाची. आपण फक्त धूळ झटकायची, असे मामा म्हणतात.

आणि सर्वांना लागू असलेले दोन नियम. एक म्हणजे, नक्षीच्या दोन्ही बाजूंना बारीक खाचेची हद्द आखावी. शेताला बांध असावा तशी. हद्द नसली तर उत्तम नक्षीही ओरखड्यासारखी दिसते. दुसरा असा की आधी लाकूड नीट कातून, पॉलिशपेपरने गुळगुळीत करून मगच नक्षीला हात घालावा. वाईट कातकाम झाकण्यासाठी नक्षी करणाऱ्याचे वाईट कातकाम दुप्पट दिसते.

खरबरीतपणाचे महत्त्व

कोणी म्हणेल, गुळगुळीत केलेले पुन्हा खरबरीत कशाला करायचे? ह्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. ज्या दगडावर आपण मसाला वाटतो, ज्याला बेटावर 'रोश कारी' म्हणतात, तो गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, नुसता घसरतो. महाराष्ट्रात अशा पाट्याला छिन्नीने टाकी लावून घेत. टाकी लावणारे दारोदार हिंडत. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके ओळीने देऊन मठार काढतात. ते ठोके शोभेचे खरेच, पण त्यांनी पत्रा कडकही होतो. लाकडाचेही तसेच आहे. नक्षीच्या झाकणावर बोट ठरते, ओल्या हातातून लाटणे निसटत नाही, आणि देव्हाऱ्यातल्या अंधारातही आईला आपला करंडा हाताला लागताच ओळखता येत असे.

आमच्या मनात एक गोड कल्पना होती, तीही येथेच सांगून टाकतो. कोकणात सावंतवाडीला चितारआळी आहे. लेथवर कातलेली आणि लाखेने रंगविलेली लाकडी खेळणी, फळे, पाट यांसाठी ती प्रसिद्ध आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, अशी ही कला. आपले पूर्वज १८३४ नंतरच्या काळात मुंबई बंदरातून बेटावर आले, त्यांत कोकणातले पुष्कळ. तेव्हा मामांची विद्या तिकडूनच पिढ्यान्‌पिढ्या आली असावी, असे आम्हाला वाटत होते. आम्ही तसे मामांना बोलूनही दाखविले.

मामा हसले. "कसले कोकण! आतेलिएत एक म्हातारा क्रिओल फिटर होता. त्याने दाखविले. त्याला कोणी दाखविले, ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही."

आम्ही क्षणभर खट्टू झालो, पण पुढे विचार करता हेच अधिक मोलाचे वाटले. विद्या रक्तातून येत नाही. कोणीतरी दाखवावे लागते आणि कोणीतरी पाहावे लागते. एका क्रिओल कारागिराने एका मराठी पोराला दाखविले, म्हणून आईच्या करंड्यावर किरण आले. ते मराठी पोर पुढे कोणाला दाखवू शकले नाही, कारण आमच्यासारखे भाचे पुस्तके घेऊन बसले होते.

अटलांटाचा आदर्श

अमेरिकेत ही कला हौशी लोकांनी उचलून धरली आहे. तेथील कातारी मंडळींची देशव्यापी संघटना १९८६ साली स्थापन झाली आणि तिच्या गावोगाव शाखा आहेत. डॉक्टर, शिक्षक, पेन्शनर असे लोक शनिवारी जमतात, एकमेकांची हत्यारे पाहतात आणि घरी जाऊन तशी करतात. काम हलके की भारी, हा प्रश्न कोणी काढीत नाही.

अल्फारेटापासून जवळच, अटलांटा येथे एड मोल्थ्रॉप (१९१६–२००३) नावाचे गृहस्थ होऊन गेले. ते शिकलेले वास्तुशिल्पी. जॉर्जिया टेक या नामांकित संस्थेत त्यांनी वास्तुकला शिकविली. पण भल्यामोठ्या ओंडक्यांची भांडी कातण्याचा त्यांना नाद लागला. एवढे ओंडके पेलणारा लेथ आणि हत्यारे बाजारात नव्हती, म्हणून लेथ त्यांनी स्वतः बांधविला आणि हत्यारे स्वतः भट्टीवर ठोकून केली. पुढे वास्तुशिल्पाचा व्यवसाय सोडून ते पूर्ण वेळ कातारी झाले. त्यांची भांडी न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयापर्यंत पोहोचली. त्यांची भांडी आरशासारखी गुळगुळीत. त्यांवर नक्षी नाही. पण हवे ते हत्यार नसेल तर करावे, ही वृत्ती तीच. शिवाय त्यांचा मुलगा फिलिप आणि नातू मॅट हे दोघेही तेच काम शिकले.

मामांच्या नातवाने हे आम्हाला सांगितले, आणि सांगताना तो आजाकडे पाहत होता.

वाचकांस विनंती

निघताना मामांनी आमचा तो वेडावाकड्या मुठीचा किरकिऱ्या कागदात गुंडाळून दिला. विमानात हाताशी नेऊ देत नाहीत म्हणून तो मोठ्या बॅगेत घातला. सोबत त्यांनी नवे झाकणही दिले, जॉर्जियातल्या डॉगवूडचे. "आईच्या करंड्याचे माप मला अजून पाठ आहे," म्हणाले. घरी येऊन बसवून पाहिले. किंचित घट्ट होते. ओल्या दिवसांत लाकूड फुगते. उन्हाळ्यात नीट बसेल. जुने झाकण मात्र आम्ही काढलेले नाही.

आपल्या बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोनशेंहून अधिक साखर कारखाने होते. आज ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. कारखान्यांबरोबर आतेलिए गेले आणि त्यांतले कारागीर आता आपल्या घरांत आजोबा होऊन बसले आहेत. त्यांच्या परसात असेच डबे असतील. आतल्या वाकड्या लोखंडाचा उपयोग आपल्याला कळत नाही, म्हणून ते भंगार ठरत नाही.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी तो डबा उघडा आणि आजोबांपुढे ठेवा. "हे काय?" एवढेच विचारा. शक्य असेल तर त्यांच्या हाताखाली त्यातले एक तरी हत्यार स्वतः करून पाहा. पहिले बिघडेल. आमचेही बिघडले.